सोळाव्या फेरीचं खोटं

१

पत्र सकाळी दहाला आलं आणि साडेदहाच्या आत मनूची संशोधनातली चार वर्षं पणाला लागली.

पत्रात आरडाओरडा नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठाने अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं, की महिन्यापूर्वी तुमच्याकडे पाहुण्यांसमोर जी बेरीज सिद्ध झाली, ती आम्ही महिनाभर यंत्र राबवून पूर्ण करून पाहिली. ती चुकीची आहे.

बेरीज चुकणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण मनूच्या विभागाची सगळी मिजास एकाच गोष्टीवर होती. आमच्या पद्धतीसमोर चुकीची बेरीज टिकूच शकत नाही, असं ते छातीठोक सांगत. आता ती टिकली होती, म्हणजे कुणीतरी टिकवली होती. पद्धतीतले फासे मनूच्या हातात होते, म्हणून सगळी बोटं मनूकडे वळली. चार वाजता समिती बसणार होती. संशोधनातून तिचं नाव काढण्याचा आदेश टाइप होऊन सहीची वाट बघत पडला होता.

आरोप असलेल्याला एक मदतनीस आणायची मुभा होती. मदतनिसाने कागद बघावेत, माणसांना प्रश्न विचारावेत, एवढंच. मनूने आत्याला फोन लावला.

आत्याने बत्तीस वर्षं परीक्षा मंडळात पेपरफुटीच्या चौकशा केल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिच्या पायाची भिंगरी थांबली नव्हती. घरात कपाटं आवरून संपली की ती आवरलेली कपाटं पुन्हा आवरायची. फोन आला तेव्हा ती तिसरं कपाट उपसून बसली होती. कपडे तसेच पलंगावर टाकून ती निघाली, आणि अकरा वाजता मनूसमोर उभी राहून म्हणाली, "यातलं मला ओ की ठो कळत नाही. पहिल्यापासून सांग. आणि चालत चालत सांग, मला बसवत नाही."

२

मनू तिला फासेघरात घेऊन गेली. फासेघर म्हणजे एक लांबट खोली. दारावर एकच दिवा, आत चाचणी चालू असली की लाल होणारा, एरवी हिरवा. मधोमध टेबल, टेबलावर झाकणाची लाकडी पेटी. समोरच्या भिंतीवर सरांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. सर म्हणजे विभागाचे प्रमुख आणि मनूचे मार्गदर्शक. पाटीवर चारच शब्द होते: उत्तर आधी, फासे नंतर.

मनूने समजावलं ते असं. एक अवाढव्य कोष्टक आहे, एक लाख कोटी घरांचं. त्याची बेरीज करायची ताकद पलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या यंत्रात आहे. या खोलीतलं छोटं यंत्र दुबळं आहे, त्याला ती बेरीज जन्मात करता येणार नाही. पण मोठं यंत्र खरं बोलतंय की नाही, एवढं त्याला चाळीस प्रश्नांत ओळखता येतं.

"म्हणजे तोंडी परीक्षा," आत्या म्हणाली. "घेणारा ढ आणि देणारा हुशार."

अगदी तसंच, मनू म्हणाली. मोठं यंत्र म्हणतं, बेरीज इतकी. मग दर फेरीला ते एक लहानसं सूत्र देतं. सूत्र आधीच्या दाव्याशी जुळतंय ना, ते छोटं यंत्र बघतं. मग फासे टाकायचे आणि पडलेला आकडा सूत्रात घालायचा. जी किंमत येईल तो नवा दावा, आधीपेक्षा निम्म्या कामाचा. असं चाळीसदा. बेरीज खोटी असली की पहिलं सूत्र खोटं द्यावं लागतं, ते निभवायला दुसरं खोटं, मग तिसरं. शेवटी कोष्टकातली एकच जागा उरते, ती छोटं यंत्र स्वतः तपासतं आणि लबाडी उघडी पडते. खोटारड्याला सुटायला वाट एकच. खोटं सूत्र आणि खरं सूत्र जास्तीत जास्त दोन आकड्यांना सारखी किंमत देतात. नेमका त्यातलाच आकडा फाशांवर पडला, तर त्याला पुढे बिनधास्त खरं बोलता येतं.

"किती आकड्यांतले दोन?"

"दहा लाखांतले."

"आणि कुठला आकडा पडणार हे आधीच कळलं तर?"

मनूने कागदांचे दोन गठ्ठे पुढे सरकवले. एकात त्या दिवशी आलेली चाळीस उत्तरं होती. दुसऱ्यात त्याच चाळीस प्रश्नांची खरी उत्तरं, पत्र पाठवणाऱ्यांनी आपल्या यंत्रातून काढून दिलेली. आत्याला सूत्रातलं काही कळत नव्हतं, पण दोन कागद शेजारी धरून फरक बघायला गणित लागत नाही. तिने उभ्या उभ्याच पानं उलटायला सुरुवात केली. पहिली पंधरा उत्तरं वेगळी होती. सोळावंही वेगळं. सतरावं मात्र अक्षर न् अक्षर सारखं, आणि तिथून थेट चाळिसाव्यापर्यंत सगळी सारखी.

"याला सोळावा आकडा आधी ठाऊक होता," आत्या म्हणाली. "सोळाव्यालाच काय होतं?"

तिने वर पाहिलं, तर मनूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

३

आत्याने दार लावून घेतलं. मनूला बोलतं करायला पाच मिनिटं लागली, आणि आत्याच्या आयुष्यातली ती फार लांब पाच मिनिटं होती.

पंधराव्या फेरीनंतर चहाची सुट्टी होती. सुट्टी कधी हे सरांनीच ठरवलं होतं. पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या खोलीत जायचं, परत येऊन पुन्हा फासे हलवत बसायचं, त्यात वेळ जातो म्हणून मनूने उठता उठता पेटी हलवून ठेवली. झाकण बंदच होतं. सुट्टीनंतर सोळावं उत्तर आलं, तिने झाकण उघडलं आणि आत पडलेला आकडा वाचला. आदल्या आठवड्यातल्या तीन सरावांतही तिने तेच केलं होतं.

"मी स्वतः आत बघितलंच नव्हतं गं," ती म्हणाली. "मलाच आकडा माहीत नाही, तर कुणाला कळणार, असं वाटलं."

आत्याचा पारा चढला. असले बंद लिफाफे तिने जन्मभर पाहिले होते. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आदल्या दिवशी केंद्रावर नेऊन ठेवायचा आणि वर म्हणायचं, आम्ही फोडला नाही. "भिंतीवर चार शब्द लिहिलेत," ती म्हणाली, "आणि त्यातले दोन तू उलटे केलेस." मनू रडायला लागली तेव्हा आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण चार पावलं टाकून यायची ऊर्मी तिला आवरली नाही.

वेळ वाचवायची ही मनूची खोडच होती. पूर्वी एकच पांढरा फासा सहा वेळा टाकायचे. तिने चाचणीच्या महिनाभर आधी दहा बाजूंचे सहा रंगीत फासे आणले, म्हणजे एका झटक्यात काम होतं. पांढरा, काळा, पिवळा, निळा, लाल, हिरवा, या क्रमाने वाचायचं. चाचणीच्या दिवशी सोळाव्या फेरीला आकडा पडला होता ७१३०२५.

"सुट्टीत या खोलीत कोण कोण आलं?"

तिघे आले होते. विभागातला सगळ्यात जुना संशोधक, ज्याला सगळे थोरला म्हणत. मोठं यंत्र सांभाळणारा यंत्रवाला. आणि सर. मोठ्या यंत्राच्या नावाने उत्तर धाडायची सोयही या तिघांकडेच होती. कुणी काय धाडलं याची नोंद महिनाअखेरीला आपोआप पुसली जायची, ती परवाच पुसली गेली होती.

"समितीला हे सांगितलंस?"

मनूने नकारार्थी मान हलवली. "सांगितलं तर म्हणतील, मग आकडाही तूच फोडलास."

घड्याळात साडेबारा वाजले होते.

४

आत्याने तिघांना एकेक करून फासेघरात बोलावलं. दारावरचा दिवा तिने मुद्दाम हिरवा ठेवायला सांगितला, म्हणजे कुणी बाहेर ताटकळायला नको.

थोरला दार ढकलून आला आणि बसा म्हणायच्या आधी बसला. त्याच्या एका पायात लाल मोजा होता, दुसऱ्यात हिरवा. सुट्टीत तो फोन चार्जिंगला लावायला आला होता म्हणे. बोलताना त्याचा पाय सारखा हलत होता. पुढच्या महिन्यात त्याला नवी नोकरी लागायची होती आणि या चाचणीवर त्याचंही नाव होतं. मनूबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, की ती घाई करते, पण लबाडी करायला जी सवड लागते ती तिच्याकडे नाही. हे आत्याला पटलं, आणि पटलं म्हणून ती सावध झाली.

यंत्रवाला आला तो हातातलं वायरींचं भेंडोळं सोडवतच. सुट्टीत तो लाइन तपासायला आला होता. यंत्रात काय शिजतंय त्याच्याशी आपला संबंध नाही, ते गरम होऊ नये एवढंच आपण बघतो, असं त्याने सांगितलं. भेंडोळ्यातल्या वायरी लाल, हिरव्या, निळ्या होत्या, तरी प्रत्येकीला त्याने आकड्याची चिठ्ठी चिकटवली होती. त्या दिवशी यंत्राची बेरीज खरंच पूर्ण झाली होती का, असं आत्याने विचारलं. त्याने मान खाजवली. झाली असणार, म्हणाला, सरांनीच तसं जाहीर केलं होतं.

सर आले तेव्हा दारावर टकटक झाली. आत्याने या म्हटल्यावरही त्यांनी दार किंचित उघडून आत डोकावलं आणि विचारलं, "चालू आहे का? नंतर येऊ?" इतका शिष्टाचार पाहून आत्याला बरं वाटलं. जाड भिंगांचा चष्मा, विरळ केस, मऊ आवाज. सुट्टीत ते खिडकी लावायला आले होते, वाऱ्याने कागद उडत होते म्हणून. त्या वेळी कोण कुठे होतं ते फळ्यावर काढून दाखवा, पेटी लाल रंगात काढा, असं आत्याने सांगितलं. सरांनी ट्रेमधलं एक पेन उचललं, चष्म्याजवळ नेऊन त्यावरची अक्षरं वाचली, ते ठेवून दुसरं उचललं, तेही वाचलं, आणि मग नीटस लाल चौकोन काढला.

जाताना त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मनूबद्दल ते फार मायेने बोलले. पोरगी गुणी आहे, पण दडपणाखाली माणसाचा तोल जातो. तिने तीनपर्यंत या कागदावर सही केली, तर ते समितीला गळ घालतील. नाव काढलं जाणार नाही, ती आपणहून गेली अशी नोंद होईल आणि दुसरीकडे नव्याने सुरुवात करता येईल.

कागदावर दोनच वाक्यं होती. फासे टाकताना माझ्याकडून नियमभंग झाला. आकडा मीच बाहेर सांगितला.

सर गेल्यावर मनूने कागद ओढून घेतला आणि पेन शोधायला लागली.

५

"खाली ठेव ते," आत्या म्हणाली.

"निदान दुसरीकडे तरी शिकता येईल. इथे बसून काय सिद्ध होणार आहे?"

आत्याला नुसतं आत काहीतरी टोचत होतं. ती खिडकीपाशी गेली, परत आली, पेटीचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पावणेदोन वाजले होते. मग तिला एक जुनी चौकशी आठवली. त्या केंद्रावर पेपर फुटला होता, पण फोडणाऱ्याला प्रश्न अर्धवटच वाचता आला होता. दोनपैकी कुठला धडा आहे हे त्याला लागलं नव्हतं. म्हणून त्याच्या पोरांनी दोन्ही धडे घोकले होते, आणि न विचारलेल्या धड्याचं उत्तर पोरांनी कच्च्या पानावर लिहून ठेवलं म्हणून ती सापडली होती.

"मने, तू म्हणालीस खोटं सूत्र दोन आकड्यांना निभावून नेतं."

"जास्तीत जास्त दोन."

"सोळावं सूत्र पडलेल्या आकड्याला निभावलं. दुसरा आकडा कुठला?"

मनूने मान वर केली. हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण दुसऱ्या आकड्याची कुणाला गरजच पडली नव्हती. तिने दोन्ही गठ्ठ्यांतली सोळावी पानं घेतली, एकातून दुसरं वजा केलं आणि पेन्सिल चालवायला सुरुवात केली. आत्या तिच्या मागे येरझाऱ्या घालत राहिली. मनूने एकदा सगळं खोडलं, पुन्हा मांडलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

कागदावर लिहिलं होतं: ७१३०५२.

"आकडे तेच," मनू हळू आवाजात म्हणाली. "फक्त शेवटचे दोन उलटे."

आत्या वाकून बघत राहिली. मग ती सरळ पेटीपाशी गेली आणि शेवटी वाचायचे दोन फासे उचलून तळहातावर धरले. एक लाल होता, एक हिरवा.

६

साडेतीनला तिघंही फासेघरात होते. थोरला भिंतीला टेकून, यंत्रवाला दाराशी, सर टेबलापलीकडे खुर्चीत. मनू आत्याच्या मागे उभी होती आणि तिच्या हातातला सरांचा कागद घामाने मऊ पडला होता. त्यावर सही नव्हती.

आत्याने आधी मनूची चूक सांगून टाकली, आडपडदा न ठेवता. मग म्हणाली, की सुट्टीत कुणीतरी झाकण उचललं. मनू उठताना पेटी हलवते हे त्याने सरावात पाहिलं होतं, म्हणूनच खोटी बेरीज घेऊन चाचणीला उतरायचं धाडस त्याला झालं. त्याने आत सहा फासे पाहिले. पांढऱ्यावर सात, काळ्यावर एक, पिवळ्यावर तीन, निळ्यावर शून्य. उरलेल्या दोघांवर दोन आणि पाच. पण त्या दोघांतला लाल कुठला आणि हिरवा कुठला, हे त्याला काही केल्या कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. मग त्याने दोन्ही आकड्यांना चालेल असं खोटं बेतलं.

"मनूला हे करायचं असतं, तर तिला एकच आकडा पुरला असता. फासे तिने आणलेत, रोज तीच वाचते. हे ज्याला लाल-हिरवं दिसत नाही त्याचं काम आहे."

आत्याने लाल आणि हिरवा फासा पिशवीत टाकला. टेबलाखाली ती एक नाणं उडवणार होती. छापा पडला तर लाल बाहेर काढायचा, काटा पडला तर हिरवा. समोरच्याने रंग सांगायचा. प्रत्येकाला दहा वेळा.

थोरल्याने कंटाळलेल्या आवाजात दहाच्या दहा बरोबर सांगितले. मोजे तो अंधारात घालतो, असंही ऐकवलं. यंत्रवाल्यानेही दहा सांगितले. वायरींना चिठ्ठ्या का, तर यंत्राच्या पाठीमागे उजेडच नसतो.

"बाई," सर म्हणाले, "मला यातून वगळलंत तर बरं. माझी नजर अधू आहे."

"फासा हातात घेऊन बघा. हवा तितका जवळ."

सरांनी चष्मा पुसला. पहिला फासा त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि लाल म्हणाले. लाल होता. दुसऱ्यालाही लाल म्हणाले, तोही होता. तिसऱ्याला हिरवा म्हणाले, आणि बरोबर आलं. मनूला वाटलं आता संपलं सगळं. आत्याने नाणं उडवलं आणि चौथा फासा पुढे ठेवला.

या वेळी सर फाशाकडे बघत नव्हते. ते आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हिरवा," ते म्हणाले.

दाराशी उभ्या यंत्रवाल्याने मान खाली घातली. टेबलावर लाल फासा होता.

आत्या पाचव्यासाठी पिशवीत हात घालणार, तेवढ्यात सरांनी तिला थांबवलं. "राहू द्या. दहाच्या दहा अंदाज बरोबर यायची शक्यता हजारात एक आहे. हे गणित मीच शिकवतो."

७

त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज तसाच मऊ होता. चाचणीची तारीख ठरून गेली होती, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, आणि यंत्राची बेरीज तीन महिन्यांनी मागे होती. पण सोळाव्या फेरीपर्यंत काम निम्मं निम्मं होत इतकं उरतं, की चहा संपायच्या आत उरकता येतं. तोवरची पंधरा सूत्रं त्यांनी मनाने रचली. आपल्या पद्धतीचं तत्त्व पक्कं आहे, बेरीज मागाहून दुरुस्त करू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

रंगांचं त्यांनी लहानपणापासून कुणाला कळू दिलं नव्हतं. मनूने रंगीत फासे आणले तेव्हा नको म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

"सर," मनूने विचारलं, "माझं नाव काढणार होते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," सर म्हणाले. चार वर्षं मनू या माणसाकडून खरं काय ते ओळखायला शिकली होती. तिला इतकं वाईट वाटलं की राग यायलाही जागा उरली नाही.

चारला पाच कमी होते. थोरला सरांना घेऊन समितीच्या खोलीकडे गेला. आत्या आणि मनू मागून निघाल्या, आणि आत्याने चालता चालता दबक्या आवाजात सांगितलं, की सर आता कबूल करतील, तेव्हा पेटी आधीच हलवल्याचं मनूने आपणहून काही बोलायची गरज नाही. विचारलं तर सांगावं. ते तिघं कशाला तोंड उघडतील. भाचीच्या काळजीने ती हे बोलली, आणि बोलल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली.

मनू थांबली. तिने सरांचा तो चुरगळलेला कागद भिंतीवर धरून सपाट केला आणि दुसऱ्या वाक्यावर आडवी रेघ मारली. आता एकच वाक्य उरलं. फासे टाकताना माझ्याकडून नियमभंग झाला. त्याखाली तिने सही केली आणि कागद घेऊन आत गेली.

आत्या दाराबाहेर तासभर येरझाऱ्या घालत होती. लाकडी बाक होता, पण त्यावर बसणं तिच्याने झालं नाही. आतून कधी एकाचा आवाज यायचा, कधी दुसऱ्याचा. मनूचा येईना.

पाच वाजता मनू बाहेर आली. डोळे सुजले होते, पण मान सरळ होती. नाव राहिलं होतं. सहा महिने कुठलीही चाचणी घ्यायची नाही, आणि त्यानंतर पहिली घ्यायची ती अख्खी, सगळ्यांसमोर, जुन्या पद्धतीने. एकच पांढरा फासा, दर फेरीला सहा वेळा, चाळीस फेऱ्या.

"दिवस जाईल त्यात," आत्या म्हणाली.

"जाऊ दे," मनू म्हणाली. "तू येशील? शेजारी बसायला कुणीतरी हवं. मी घाई करायला लागले तर हात धरायला."

आत्या बाकावर बसली, सकाळपासून पहिल्यांदाच. तिचे पाय भरून आले होते. तिने मनूला शेजारी ओढलं आणि येईन म्हणाली.

"पण आधी उत्तर येऊ द्यायचं," ती म्हणाली. "मग टाकायचा."